फेटिया की लुगडं

पिंपळडोहच्या ग्रामपंचायतीत बायकांसाठी दोन जागा राखलेल्या होत्या. एका जागेवर गावातल्या किसनराव ठाकऱ्यांची बायको इंदुताई निवडून आली, दुसरीवर गुलाबसिंग नाईकाच्या तांड्यावरची धनीबाई. इंदुताईला किसनरावांनी उभं केलं होतं. धनीबाईला मात्र तिच्या आवाजानं निवडून आणलं असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

तांडा आणि गाव यांच्या मधून एक नाला वाहत होता. शाळा गावात, म्हणजे तांड्यावरची पोरं रोज नाला ओलांडून जात. एका श्रावणात दुपारीच नाल्याला पूर आला. शाळा सुटायची वेळ झाली तसा तांड्याचा जीव वरखाली व्हायला लागला. धनीबाई टेकडीवर चढली, कानांवर हात ठेवले आणि पलीकडे हाक घातली, "ओ गाववाले, आमचे पोट्टे तिकडंच ठेवा, नाल्यात उतरू देऊ नका." गावात पारावर बसलेल्या माणसांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्या रात्री पोरं गावात घराघरांतून वाटून जेवली आणि निजली. निम्मी एकट्या इंदुताईच्या ओसरीवर होती. सकाळी पाणी उतरल्यावर धनीबाई टोपलीभर भाकरी घेऊन इंदुताईकडे आली. पोरांनी तुमचं पीठ संपवलं असेल, म्हणाली. तेव्हापासून दोघींचं येणंजाणं सुरू झालं ते सुरूच राहिलं.

धनीबाईच्या आज्याने बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला होता. बापाने या टेकडीच्या पायथ्याशी खुंटा ठोकला. तिचा जन्म इथलाच, लग्न दोन कोसांवरच्या तांड्यात झालं. पण बापाला मुलगा नव्हता, म्हणून नवरा हिरासिंग इकडेच येऊन राहिला. बापाचं वावर दोघं मिळून करत. कपाशी, ज्वारी, बांधाला तूर. धनीबाई उंच, हाडापेरानं मोठी, हसायला लागली की सगळं अंग हसायचं. बैठकीत बोलायला ती कधी बिचकली नाही. नाल्यावर मोरी बांधा, हे तिचं एकच मागणं, आणि दर बैठकीत ते ती न चुकता मांडायची. सरपंच बापूजी म्हणत, "झालं, धनीबाईची मोरी आली." मग पुढच्या विषयाला सुरुवात व्हायची.

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर पंचायतीचं नवं घर बांधून झालं. कौलारू, पुढे ओसरी, आत एक मोठी खोली. सव्वीस जानेवारीला यवतमाळहून साहेब येऊन ते उघडणार असं ठरलं. बापूजींच्या डोक्यात आलं की समोरच्या भिंतीवर साऱ्या मेंबरांचे फोटो लावावेत, चौकटीत घालून, खाली नावं लिहून. दिग्रसला भीमराजचा स्टुडिओ होता. आठवडाभरात सगळे पुरुष मेंबर तिथे जाऊनही आले.

"आमचे निघाले," बापूजी बैठकीत म्हणाले. "आता तुमचे दोघीचे राह्यले. बजाराच्या दिवशी जाऊन या. आन् कपडे जरा नीट घालजा. आमी सगळ्याइनं कोट घातला."

"सगळ्याइनं?" धनीबाईने विचारलं. बापूजींना कोट आहे हेच तिला नवं होतं.

"सगळ्याइनं," बापूजी म्हणाले आणि टोपी सारखी केली.

घरी येईपर्यंत धनीबाईला काही वाटलं नाही. वाटलं ते रात्री पेटी उघडल्यावर. आयुष्यात तिने एकदाच फोटो पाहिला होता, किसनरावांच्या बैठकीतला त्यांच्या वडिलांचा. ते वारले होते, पण भिंतीवरून अजून सगळ्यांकडे रोखून पाहत होते. म्हणजे फोटोत जे घालू ते कायमचं. पेटीत लग्नातला लाल फेटिया होता, वीस हात घेराचा घागरा, खाली पट्टीवर कवड्या आणि शिसं लावलेला. बरोबरची कांचळी, उघड्या पाठीची चोळी, तिच्या याडीने, म्हणजे आईने, दोन हिवाळे बसून काढलेली, पुढून आरशांनी गच्च भरलेली. पिवळी ओढणी, लाल ओढणी. आणि तळाशी, कागदात गुंडाळलेलं, एक हिरवं लुगडं. ते तिने मागच्या साली बाजारात घेतलं होतं आणि अजून एकदाही नेसली नव्हती. नेसता येत नव्हतं हे एक, आणि तांड्यात ते नेसून बाहेर कसं यायचं हे दुसरं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या तांड्याला बातमी होती. याच तांड्यात दिलेली नणंद बसंतीबाई सकाळीच येऊन बसली. "फेटिया घाल," ती म्हणाली, "आन् सगळे दागिने घाल. हांसली, भुरिया, काही ठेवू नको. त्याइले दिसू दे."

"कोणाले दिसू दे?"

"ज्याले पाह्याचं असन त्याले."

तांड्याचा म्होरक्या गुलाबसिंग नाईक काठी टेकत आला तो खाटेवर बसायच्या आधीच बोलू लागला. तांड्याची बाई पंचायतीच्या भिंतीवर चढणार, तर ती तांड्याच्याच कपड्यात चढली पाहिजे. त्याने पुढे बरंच सांगितलं. हिरासिंग ऐकत होता. नाईक गेल्यावर तो म्हणाला, "तुले जे बरं वाटते ते घाल. पण घालून दाखव एकदा मले."

तिने फेटिया घालून दाखवला, त्याने मान हलवली. तिने पिवळी ओढणी काढून लाल घेतली, त्याने मान हलवली. लाल काढून पुन्हा पिवळी घेतली, तरी त्याने मान हलवली. "तुमी फक्त मान हलवा," म्हणून ती आत गेली.

खरं तिच्या मनात लुगडं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. इंदुताई पहिल्या बैठकीला आली तेव्हा तिच्या अंगावर जांभळं, लाल काठाचं नागपुरी लुगडं होतं. नाडी नाही, गाठ नाही, एवढं मोठं कापड अंगावर थांबतं तरी कसं, हे धनीबाई बैठकभर बघत राहिली होती. पदर डोक्यावरून घेतला की चेहरा कसा चौकटीत बसल्यासारखा दिसायचा. वाटायचं, एकदा तरी आपण असं बसून बघावं.

चार दिवसांनी ती गावात गेली तेव्हा इंदुताईच्या घरी निराळाच घोळ होता. इंदुताई माजघरात तोंड पाडून बसलेली.

"का झालं व, ताई?"

"का होते? हे म्हणतात, पदर कपाळाखाली घे आन् मान खाली घालून बस. मंग फोटो कोणाचा, पदराचा?"

धनीबाई हसली. इंदुताईही हसली, मग तिने दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "धनी, तुले एक सांगू? हसू नको. तुही ते आरशाची कांचळी आहे ना, ते मले लय आवडते. ते पोट्टे इथी निजले होते ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू भाकरी घेऊन आली, आंगणात उभी राह्यली, तर भितीवर सारे उजेडाचे ठिपके नाचून राह्यले होते. तवापासून मनात आहे, एकदा घालून पाहाव म्हणून."

धनीबाई तिच्याजवळ सरकून बसली. मग तिने लुगड्याचं सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की चुलीजवळून सासूबाईंनी विचारलं, "का फुटलं व?"

"काही नाही, मामी," इंदुताई म्हणाली. "पंचायतीचं काम आहे."

तरी पंचायतीच्या फोटोचं कसं करायचं, ते दोघींनी नीट ठरवलं. धनीबाईच म्हणाली, "लोकाइनं मले फेटियात पाह्यलं, फेटियात निवडून देल्लं. भितीवर पाहून कोणी म्हणू नये का ही कोण. आपण फोटोत वळखू तर आलं पाह्यजे." नाईकाने सांगितलं म्हणून नव्हे आणि बसंतीने सांगितलं म्हणूनही नव्हे, तर हा विचार तिला स्वतःला पटला म्हणून तिने फेटिया ठरवला. इंदुताईने जांभळं लुगडं ठरवलं, पदर मात्र कपाळाच्या वर. आणि पंचायतीचे फोटो निघाले की मग, आपल्या आपल्यासाठी, एकेक दुसरा काढायचा. त्याची बोलणी दोघींतच राहिली.

बाजाराच्या दिवशी हिरासिंगने बैलगाडी जुंपली. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग दिग्रसच्या वेशीपासून मागे आलेली होती, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि धनीबाई दर थोड्या वेळाने ओढणी झटकत होती. थंडी होती, तरी तिच्या कपाळावर घाम. हिरासिंगने दोघींना स्टुडिओपाशी उतरवलं आणि तो बैलांना पाणी पाजायला गेला.

भीमराज हा तिशीतला बारीकसा माणूस, बोलायला गोड. त्याच्या स्टुडिओच्या छपराला एका बाजूने काचा होत्या, त्यातून मऊ उजेड खाली येत होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि मोर. एका बाजूला कापडाचा आडोसा, कपडे बदलायला. आणि खुंटीवर एक काळा कोट.

इंदुताईने कोट पाहिला आणि जवळ गेली. वरून दुसरं बटण नव्हतं. पाठीवर वरपासून खालपर्यंत तो चिरलेला होता आणि चिरेला दोन्हीकडून कपडे वाळत घालायचे चिमटे लटकत होते.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

"साऱ्याइचा," भीमराज म्हणाला. "जाड माणूस आला का मागून खुला ठेवतो, बारीक आला का चिमटे लावतो. तुमच्या सरपंच साहेबाले खुला ठेवा लागला."

धनीबाईने ओढणी तोंडात कोंबली. "आमी सगळ्याइनं कोट घातला," ती बापूजींच्या आवाजात म्हणाली, आणि इंदुताईला खाली बसावं लागलं.

पहिल्यांदा धनीबाईला स्टुलावर बसवलं. तिने वीस हातांचा घेर नीट चारी बाजूंनी पसरला, कवड्या पुढे दिसतील अशी पट्टी सारखी केली. त्यात बराच वेळ गेला. भीमराजने कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "बाई, ते राहू द्या. फोटो छातीवरतकच येते."

"म्हणजे फेटिया येत नाही?"

"नाही."

चार दिवस ज्याच्यावर घरात खल झाला तो फेटिया येणारच नव्हता. धनीबाईने खाली बघितलं. "आन् ओढणी? पिवळी बरी का लाल?"

"फोटो काळापांढरा आहे, बाई. लाल काळी येईन, पिवळी भुरकी येईन."

"मंग रंगाचं का करू?"

"रंग तुमी घरी घेऊन जा," भीमराज म्हणाला.

एवढं होऊन आरशांनी घोळ घातलाच. काचेतून येणारा उजेड कांचळीवर पडून कॅमेऱ्यात शिरत होता. भीमराजने पावडरचा डबा आणून दिला, आणि इंदुताईने एकेका आरशावर बोटाने पावडर लावून तो मंद केला. मग भीमराजने सांगितलं, हलायचं नाही, हसायचं नाही, सरकारी फोटो आहे. धनीबाई हलली नाही आणि हसलीही नाही. श्वास धरून, डोळे मोठे करून बसली. मग इंदुताई बसली, तीही तशीच, पदर कपाळाच्या वर पण ओठ घट्ट मिटलेले. किसनराव तिथे नव्हते तरी ते असल्यासारखीच.

"झालं," भीमराज म्हणाला.

"नाही झालं," धनीबाई म्हणाली, आणि कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं घेऊन दोघी आडोशामागे गेल्या.

तिथे काय चाललं ते भीमराजला फक्त ऐकू येत होतं. आधी कुजबुज, मग नाड्या कुठे बांधायच्या यावर वाद, मग नऊ वार कापड कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं यावर वाद, मग काहीतरी स्टुलावरून खाली पडलं आणि हसण्याचा एक लोंढा बाहेर आला. धनीबाईच्या हातातल्या बलिया कोपरापर्यंत घट्ट बसलेल्या, त्या काही निघाल्या नाहीत. कानांजवळ केसांत लोंबणाऱ्या चांदीच्या टोपल्या तिने काढल्या नाहीत. नवरा जिवंत असताना त्या काढत नसतात. त्या पदराखाली झाकल्या. इंदुताईच्या पाठीवर कांचळीच्या नुसत्या नाड्या आल्या तशी ती दचकली. धनीबाईने ओढणी दुहेरी करून तिची पाठ झाकली.

भीमराजने दोघींना पाहिलं आणि तो पुन्हा काळ्या कापडात शिरला.

आता पावडर कुणी लावली नाही, श्वास कुणी धरला नाही. धनीबाई स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि समोर उभ्या असलेल्या इंदुताईकडे बघितलं. कांचळीतली इंदुताई स्वतःकडेच, आरशांच्या ठिपक्यांकडे बघत अंगणातल्या पोरीसारखी गिरकी घेत होती. धनीबाईला खूप बरं वाटलं. ती हसली नाही म्हणजे तोंड उघडून हसली नाही, पण तिचा सगळा चेहरा सैल झाला, आणि तसाच तो टिपला गेला. मग इंदुताई बसली. तिला तर हसू आवरलंच नाही.

"तुमचे चारही फोटो चौकटीवाल्याकडे ठेवतो," भीमराज म्हणाला. "नावंही तोच लिहिते. मले मधात उमरखेडले लग्नाच्या कामाले जा लागते, पण त्याले नीट समजावून देतो."

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा लागला. गाव आणि तांडा दोन्ही पंचायतीसमोर लोटले होते. पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. धनीबाई आपल्या लाल फेटियात, इंदुताई जांभळ्या लुगड्यात, दोघी पुढच्या सतरंजीवर. यवतमाळचे साहेब जीपने आले. जीप नाल्यात एकदा अडकली होती, साहेबांना खाली उतरावं लागलं होतं आणि तांड्यावरच्या माणसांनी ती ढकलली होती, त्यामुळे साहेबांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. पण माणूस हसतमुख. त्यांनी कुलूप उघडलं, सगळे आत दाटीवाटीने शिरले. समोरच्या भिंतीवर पांढरं कापड होतं. साहेबांनी दोरी ओढली.

पहिल्यांदा दिसला कोट. सरपंचांच्या अंगावर, उपसरपंचांच्या अंगावर, मग एकापाठोपाठ एक साऱ्या पुरुष मेंबरांच्या अंगावर, तोच कोट, वरून दुसरं बटण नसलेला. लोकांत खसखस पिकली. बापूजींनी वर छताकडे पाहिलं.

साहेब एकेक नाव वाचत पुढे सरकले. शेवटच्या दोन चौकटींशी थांबले. "धनीबाई हिरासिंग राठोड," त्यांनी वाचलं आणि वर पाहिलं. आरशांची कांचळी, ओढणी, आणि दात दिसतील असं हसणारी एक बाई. "वा. या तांड्यावरच्या ताई. चेहऱ्यावरूनच कळतं. तांड्यावरच्या बायका मोकळ्या स्वभावाच्या."

खोलीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. फोटोतली बाई इंदुताई होती. शेजारच्या चौकटीत डोक्यावरून पदर घेतलेली धनीबाई बसली होती, आणि खाली लिहिलं होतं, "इंदुताई किसनराव ठाकरे."

मागून बसंतीबाईचा आवाज आला. "बाप्पा, ही तर इंदुताई आहे."

भीमराजला त्या दिवशी मुद्दाम बोलावलं होतं. तो दारात कॅमेरा घेऊन उभा होता, त्याचा चेहरा खडूसारखा झाला. त्याने तिथूनच सांगून टाकलं, की चौकटीवाल्याला त्याने एवढंच बजावलं होतं: कांचळीवाली ती धनीबाई, लुगडेवाली ती इंदुताई. चौकटीवाल्याने दोघींना कधी पाहिलेलं नव्हतं. चारांतले चांगले आले ते दोन फोटो त्याने उचलले आणि कपडे पाहून नावं लिहिली.

"आन् तू?" बापूजी कोतवालाकडे वळले. "उकंडा, तूनं लावले ना हे भितीवर? तुले दिसलं नाही?"

"दिसलं," उकंडा म्हणाला. "मले वाटलं, पंचायतीचा ठराव असन."

तेव्हा कुठे हसू फुटलं. आधी तांड्याच्या बायका हसल्या, मग गाव. साहेबांनी भिंतीकडे बघितलं, मग समोर उभ्या असलेल्या दोघींकडे, पुन्हा भिंतीकडे. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तेही हसले. "ताई, माफ करा. मी कपड्यांवरून बोललो."

धनीबाई पुढे झाली. इतकी माणसं, इतका गलका, पण तिला आवाज चढवावा लागला नाही. "काही हरकत नाही, साहेब. आमी वळखू नाही आलो तरी चालते. नाला तेवढा वळखून ठेवा. तुमचा पाय आज त्यानंच धरला ना?"

साहेबांनी आपल्या विजारीकडे पाहिलं. "मोरी हवी का इथे?"

"झालं, धनीबाईची मोरी आली," बापूजी सवयीनं बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या वेळी पुढचा विषय नव्हता. साहेबांनी बरोबरच्या ओव्हरसियरला बोलावून नाल्याची मोजणी करायला सांगितलं. ती मोरी दुसऱ्या उन्हाळ्यात बांधून झाली.

इंदुताई मात्र या सगळ्यात एकाच माणसाकडे बघत होती. किसनराव गर्दीतून वाट काढत भिंतीशी गेले. चष्मा लावला. बायकोच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण तिचे दात त्यांनी असे सलग पाहिले होते की नाही कोण जाणे. ते वळून आले. इंदुताईने आपोआप पदर पुढे ओढला.

"ते कांचळी," किसनराव हळू आवाजात म्हणाले, "तुले आंगाले बरोबर आलती का?"

"जराशी ढिली होती," इंदुताई म्हणाली.

"हं," किसनराव म्हणाले. "फोटोत समजत नाही."

दुपारी भात-वरणाची पंगत उठल्यावर बापूजींनी फोटो बदलायचं काढलं. भीमराज तयारच होता, घट्ट ओठांचे ते दोन फोटो त्याने बरोबर आणले होते. ते चौकटीतल्यांशेजारी धरून पाहिले. हिरासिंगने आपल्या बायकोचा फेटियातला फोटो पाहिला आणि या वेळी नुसती मान न हलवता बोलला. "हिचा बैल हरवल्यासारखा दिसते."

"इंदुचाही हरवला," किसनराव म्हणाले.

धनीबाई भिंतीकडे बघत होती. लुगड्यातली ती बाई तिला परकी वाटेल असं तिला वाटलं होतं. तशी ती वाटली नाही. ते आपलेच डोळे, आपलंच नाक, आणि एवढं सुखानं आपण कुणाकडे तरी बघतो हे तिला त्याआधी ठाऊक नव्हतं. "राहू द्या," ती म्हणाली. "नावं तेवढे इकडचे तिकडे करा."

"तांड्याचं काय?" बापूजी नाईकाला विचारू लागले. त्यांना वाटलं, म्हातारा आता काठी आपटणार. गुलाबसिंग नाईकाने मात्र त्या आधीच मनाशी हिशेब केला होता. "तांड्याची एक बाई पंचायतीत होती," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "आता पाह्यलं तर दोन दिसतात. घणो आछो, लय बरं झालं."

उकंडाने स्टूल लावून नावं बदलली. पुढे बरीच वर्षं ते फोटो तसेच होते आणि नवा ग्रामसेवक आला की पहिल्या दिवशी हटकून फसायचा.

त्या साली होळीला धनीबाईने इंदुताईला तांड्यावर बोलावलं. ती येईल, पण घटकाभर बसून जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. किसनरावच तिला घेऊन आले आणि नाईकाच्या खाटेवर बसून कापसाच्या भावावर जे बोलायला लागले ते उठायचं नाव घेईनात. इकडे चौकात डफ वाजत होता, बायका गोल धरून लेंगी गात होत्या. धनीबाईने इंदुताईचा हात धरून तिला गोलात ओढलं. पाय कसा टाकायचा ते दाखवलं, एक पुढे, एक मागे, मग वाकून टाळी. इंदुताईचा पाय चुकत होता, टाळी उशिरा पडत होती. बसंतीबाई तिच्या दुसऱ्या बाजूला सरकली आणि मोठ्याने ताल मोजायला लागली. तीन-चार फेऱ्यांत इंदुताईला ठेका सापडला. गोल वेगात फिरू लागला, धूळ उडाली, आणि नाईकाच्या खाटेवर कापसाचा भाव अर्धवट सोडून नाईक आणि किसनराव माना वर करून बघत बसले.